गाडी चालवताना मोबाइल ॲपचा सुरक्षित वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक बाबी असून पुढे अपवाद आणि अडचणीचे प्रसंग घेतले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असल्यास त्याचा क्रमांक दिला आहे.

१. गाडी चालवताना मोबाइलवर नकाशा लावणे कायद्याला चालते का? पोलीस दंड करतात असे ऐकले आहे.

चालते, पण एका अटीवर. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि वाहन चालवताना हातातील संपर्क-उपकरण वापरणे हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार ठरला. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडल्यास दंडाची रक्कम १०,००० रुपये आहे. जागेवर भरावयाची तडजोडीची रक्कम मात्र प्रत्येक राज्य स्वतःच्या अधिसूचनेने ठरवते.

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीने यात एक सवलत दिली. केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने, असे उपकरण वापरता येते. त्यामुळे स्टँडवर बसवलेला, मार्ग आधीच लावलेला आणि आवाजाने सूचना देणारा फोन या सवलतीत बसतो. एका हातात स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातात फोन धरून नकाशा मोठा-लहान करणारा चालक त्यात बसत नाही. सिग्नलला थांबलेली गाडीही वाहतुकीतच असते, म्हणून तेथे फोन हाती घेण्याचा मोह टाळावा.

२. फोनवर कोणती ॲप असली म्हणजे पुरे?

नकाशाचे एक ॲप, कागदपत्रांसाठी डिजिलॉकर किंवा एम-परिवहन, फास्टॅग दिलेल्या बँकेचे ॲप, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे ‘राजमार्गयात्रा’ आणि आपत्कालीन मदतीचे ‘११२ इंडिया’ एवढ्यांत बहुतेकांचे भागते. विजेवरची गाडी असल्यास प्रश्न २० पाहावा.

ॲप निवडताना तारांकित गुणांपेक्षा एक कसोटी अधिक उपयोगी पडते. चाके फिरू लागल्यानंतर ते ॲप चालकाकडून काय मागते, हे तपासावे. जे ॲप निघण्यापूर्वी सर्व विचारून घेते आणि नंतर केवळ बोलते, ते गाडीत ठेवण्याजोगे आहे. जे मध्येच ‘हा मार्ग वेगवान आहे, बदलायचा का?’ असे विचारून बटण दाबायला लावते, त्याच्याकडे धावत्या गाडीत दुर्लक्षच करावे. पर्यायी मार्गासाठी आमंत्रण देणारे नकाशाचे असले चौकट-संदेश काही क्षणांत आपोआप निघून जातात, त्यांना स्पर्श करण्याची गरज नसते.

३. फोन गाडीत नेमका कुठे बसवावा?

नजर रस्त्यावरून फारशी न हलवता दिसेल, पण रस्ता झाकणार नाही अशा जागी. व्यवहारात हवा येण्याच्या जाळीवरचा किंवा डॅशबोर्डच्या खालच्या कडेवरचा स्टँड सर्वांत सोयीचा असतो. काचेच्या मधोमध, आरशाखाली फोन लटकवणे टाळावे. नेमक्या त्याच बाजूने वळणावरचा पादचारी येत असतो. डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण असलेल्या भागावर स्टँड चिकटवू नये, कारण एअरबॅग उघडताना त्यावरची वस्तू प्रवाशांच्या अंगावर फेकली जाते. मांडीवर, दोन आसनांच्या मधल्या कप्प्यात किंवा स्पीडोमीटरच्या पुढे ठेवलेला फोन ब्रेक दाबताच पायाशी जातो आणि पेडलखाली अडकू शकतो.

४. निघण्यापूर्वी काय काय करून ठेवावे?

गाडी उभी असताना पुढील गोष्टी उरकाव्यात: ठिकाण टाकून संपूर्ण मार्ग एकदा दूरवर करून पाहणे, वळणांची यादी वर-खाली सरकवून मोठे फाटे लक्षात ठेवणे, आवाज चालू आहे याची खात्री करणे, गाण्यांची यादी लावणे आणि फोनला चार्जर जोडणे. मार्ग नजरेखालून घालण्याचे काम अनेक जण गाळतात. परंतु पुढील फाटा ‘नारायणगावनंतर डावीकडे’ आहे एवढे डोक्यात असले, तरी वाटेत पडद्याकडे पाहण्याची गरज निम्म्याने कमी होते. दुसरे कोणी शेजारी बसले असेल तर फोन त्यांच्याकडेच सोपवावा.

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिले म्हणजे ५५ मीटर, सुमारे पावणेतीन क्रिकेट खेळपट्ट्यांएवढा रस्ता, न पाहता पार केला. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर हे अंतर लक्षातही येत नाही, आणि पुढे बंद पडलेला ट्रक उभा असला तर तो एवढ्याच अंतरावर असू शकतो.

५. ब्लूटूथवर हात मोकळे ठेवून बोलले तर काय हरकत आहे?

हात मोकळे राहतात, पण लक्ष मोकळे राहत नाही. वाहन चालवताना मोबाइल वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हँड्सफ्री साधन हातातल्या फोनपेक्षा फारसे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारी बसलेला माणूस समोर वळण आले की बोलणे थांबवतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही. ‘पोचतोय, दहा मिनिटांत’ एवढ्यावर कॉल संपवता येत असेल तर तो घ्यावा. हिशेब, वाद आणि घरातली काळजीची बातमी यांसाठी मात्र गाडी बाजूला घ्यावी.

६. सतत येणारे व्हॉट्सॲपचे संदेश आणि कॉल कसे थोपवावेत?

आयफोनमध्ये ‘फोकस’ या सेटिंगमध्ये ‘ड्रायव्हिंग’ असा पर्याय आहे. तो कारच्या ब्लूटूथशी जोडला गेल्यावर किंवा गाडीची हालचाल जाणवल्यावर आपोआप चालू करता येतो आणि संदेश पाठवणाऱ्याला ‘मी गाडी चालवत आहे’ असे उत्तर जाते. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ‘मोड’ या सेटिंगखाली असाच पर्याय मिळतो. नसल्यास ‘व्यत्यय आणू नका’ हे साधे सेटिंग चालते, ज्यात घरच्या दोन-तीन क्रमांकांना सूट देता येते. नकाशाचा आवाज यामुळे बंद पडत नाही, मात्र पहिल्यांदा चालू केल्यावर अंगणात एकदा खात्री करून घ्यावी.

७. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले म्हणजे काय? माझी गाडी जुनी आहे, तिच्यात पडदा नाही.

ही दोन्ही ॲप फोनवरील निवडक गोष्टी गाडीच्या पडद्यावर मोठ्या बटणांसह दाखवतात: नकाशा, कॉल, गाणी आणि आवाजाने वाचले जाणारे संदेश. व्हिडिओ, समाजमाध्यमे आणि टंकलेखन यांना धावत्या गाडीत त्यात जागा नसते. ही बंधनेच त्यांचा खरा फायदा आहेत.

गाडीत पडदा नसेल तर केवळ त्यासाठी बाहेरून मोठा पडदा बसवून घेण्याची घाई करू नये. जुन्या गाडीसाठी चांगला स्टँड, प्रश्न ६ मधील मोड आणि मोठ्या आवाजातील नकाशा एवढी व्यवस्था पुरेशी असते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पडद्यांवर व्हिडिओ चालू गाडीतही दिसत राहतो, आणि त्या मोहाला चालकच काय, मागे बसलेली मंडळीही ‘थोडं वळव ना इकडे’ म्हणत हातभार लावतात.

८. मराठीत बोलून ठिकाण शोधता येते का?

येते. गूगल मॅप्सचे दिशादर्शन मराठीत ऐकता येते आणि गूगलचा आवाजी सहायकही मराठी ओळखतो. अडचण उच्चाराची नसून नावांची असते. ‘खेड’ म्हटले तर रत्नागिरी जिल्ह्यातले आणि पुणे जिल्ह्यातले राजगुरुनगर अशी दोन ठिकाणे आहेत. ‘कर्जत’ रायगडातही आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. ‘शिरूर’ पुणे जिल्ह्यात, शिवाय बीडमध्ये शिरूर कासार आणि लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. म्हणून ठिकाण बोलताना तालुका किंवा जिल्हा जोडून बोलावे आणि निघण्यापूर्वी दाखवलेले एकूण अंतर आपल्या अंदाजाशी जुळते का, हे पाहावे. वाड्यावस्त्यांसाठी यजमानांकडून व्हॉट्सॲपवर पिन मागवून घेणे सर्वांत उत्तम.

९. गूगल मॅप्स चांगले की मॅपल्स?

वाहतूककोंडीचा अंदाज आणि दुकाने, हॉटेले यांची माहिती गूगलकडे विपुल आहे, कारण ती असंख्य फोनांच्या हालचालींवरून गोळा होते. मॅपल्स हे मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचे ॲप मोठ्या चौकांत कोणता रॅम्प धरायचा याचे चित्र दाखवते आणि गतिरोधकांची पूर्वसूचना देते. शहरातील गुंतागुंतीच्या उड्डाणपुलांवर मॅपल्स आणि लांबच्या प्रवासात गूगल, अशी विभागणी अनेकांना सोयीची वाटते. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवण्यात मात्र अर्थ नाही. दोन आवाज दोन वेळा वळायला सांगतात.

१०. घाटात रेंज जाते, तेव्हा नकाशा चालतो का?

आधी उतरवून ठेवला असेल तर चालतो. गूगल मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातील आपल्या छायाचित्रावर बोट ठेवल्यास ‘ऑफलाइन नकाशे’ हा पर्याय दिसतो. तेथे चौकट ओढून प्रवासाचा सर्व प्रदेश आत येईल असे पाहावे आणि घरच्या वाय-फायवर नकाशा उतरवून घ्यावा. ताम्हिणी, वरंध किंवा आंबोलीला जाणाऱ्याने केवळ घाट नव्हे, तर खालची कोकणपट्टीही चौकटीत घ्यावी, कारण रेंज परत कुठे येईल हे सांगता येत नाही.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, म्हणून निळा ठिपका आपली जागा दाखवत राहतो. रेंजशिवाय मिळत नाही ती ताजी परिस्थिती: पुढे दरड कोसळली आहे का, रस्ता बंद आहे का, कोंडी किती आहे. पावसाळ्यात वरंध घाट वाहतुकीसाठी बंद ठेवण्याचे आदेश वारंवार निघतात, आणि उतरवलेला नकाशा त्या रस्त्यावरून निर्धास्तपणे मार्ग आखून देतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात घाटाची स्थिती निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाच्या सूचनांवरून तपासावी.

११. नकाशाने चुकीच्या किंवा धोक्याच्या रस्त्यावर नेले तर?

नकाशापेक्षा समोरचा रस्ता नेहमी वरचढ मानावा. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली मोटार अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या रस्त्यावर गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. नकाशात तो रस्ता होता, प्रत्यक्षात त्यावर पाणी होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघांचा जीव गेला. जुलै २०२५ मध्ये बेलापूर येथे रात्री एक मोटार पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने जाऊन थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षेच्या जवानांनी चालक महिलेला वाचवले.

या तिन्ही घटनांकडे पाहिल्यास नकाशाची उणीव आणि रस्त्यावरच्या अडथळ्यांची, फलकांची उणीव एकत्र आलेली दिसते. नुसते ‘ॲपवर विसंबू नका’ म्हणून यंत्रणांना हात झटकता येत नाहीत. पाण्याखालचा रस्ता दगडमाती टाकून बंद करणे हे कोणत्याही ॲपच्या सूचनेपेक्षा परिणामकारक असते. चालकाच्या हाती जे आहे ते असे: रात्री ‘सर्वांत जवळचा’ मार्ग अनोळखी आणि अरुंद असेल तर चार-पाच किलोमीटर जास्त पडले तरी राज्य मार्ग धरावा, रस्त्यावरची वाहतूक अचानक संपली, डांबर सुटले किंवा समोर पाणी चमकले तर थांबावे आणि गावातल्या कोणाला तरी विचारावे. चुकलेला रस्ता ॲपमध्ये ‘समस्या कळवा’ या पर्यायातून कळवता येतो, तो मुक्कामी पोचल्यावर अवश्य कळवावा.

१२. उड्डाणपुलाखाली आणि बोगद्यात ठिपका का भरकटतो?

उपग्रहाचा संकेत वरून येतो आणि काँक्रीट तो अडवते. शिवाय पूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकाच जागी असतात, त्यामुळे आपण वर आहोत की खाली, हे फोनला कळणे अवघड जाते. पुण्याच्या चांदणी चौकात मुळशी, कोथरूड, बावधन आणि वारज्याकडे जाणारे रॅम्प इतके जवळजवळ सुटतात की ठिपका शेजारच्या रॅम्पवर उडी मारतो, सूचना बदलते, आणि नेमक्या त्या क्षणी चालक ब्रेक दाबतो. मागून येणाऱ्याला याचे कारण कळत नाही. रॅम्प चुकला तर चुकू द्यावा. ॲप नवा मार्ग आखते. रॅम्पच्या तोंडाशी थांबणे किंवा गाडी मागे घेणे हा फार मोठा धोका आहे.

गूगलने २०२४ मध्ये भारतातील ४० शहरांत चारचाकींसाठी उड्डाणपुलाची वेगळी सूचना सुरू केली, तिचा उपयोग होतो. बोगद्यांसाठी अँड्रॉइडवरील गूगल मॅप्समध्ये ब्लूटूथ बीकनचे, म्हणजे जागेचा संकेत देणाऱ्या छोट्या उपकरणांचे, सेटिंग आहे. ज्या बोगद्यात असे बीकन बसवलेले असतात तेथेच ते काम करते. अन्य बोगद्यांत आत शिरण्यापूर्वीची शेवटची सूचना लक्षात ठेवणे पुरते.

१३. वेगमर्यादा आणि कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारे ॲप वापरावे का?

वेगमर्यादा दाखवणारे सेटिंग चालू ठेवावे, पण रस्त्यावरचा फलक अंतिम मानावा. कॅमेऱ्याच्या सूचनेचा उपयोग मात्र बहुतेक जण उलटा करतात: सूचना आली की ब्रेक, कॅमेरा मागे पडला की पुन्हा वेग. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कार्यान्वित झालेली यंत्रणा दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही मोजते, त्यामुळे ही युक्ती तेथे चालत नाही. परदेशातील नियमांसाठी प्रश्न २३ पाहा.

१४. लायसन्स आणि आरसीचा फोटो मोबाइलमध्ये आहे, तो पोलिसांना चालतो का?

नुसता फोटो चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील कागदपत्र ग्राह्य आहे, पण ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांसारख्या अधिकृत व्यवस्थेतून आलेले असावे. डिजिलॉकरमध्येही दोन कप्पे आहेत. ‘जारी केलेली कागदपत्रे’ या कप्प्यातील लायसन्स थेट परिवहन विभागाकडून आलेले असते आणि ते वैध आहे. तुम्ही स्वतः चढवलेली स्कॅन प्रत त्याच ॲपमध्ये असली तरी तिला तो दर्जा नाही.

आरसी सापडत नाही अशी तक्रार अनेकदा येते. आधारवरील नाव आणि आरसीवरील नाव यांत फरक असला, उदाहरणार्थ एकात वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसऱ्यात आद्याक्षर, तर डिजिलॉकर ती आणू शकत नाही. अशा वेळी एम-परिवहनमध्ये गाडीचा क्रमांक टाकून, चासी आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक देऊन आरसी तयार करून पाहावी. दोन्ही ठिकाणी जमले नाही तर मूळ कागद सोबत ठेवण्याला पर्याय नाही. विमा आणि पीयूसीची मुदतही एम-परिवहनमध्ये दिसते.

१५. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला आहे, तरी द्रुतगती मार्गावर पैसे कापले गेले. का?

कारण तो पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरील नाक्यांपुरताच आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३,००० रुपयांत सुरू झालेला हा पास खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी असून तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो आणि ‘राजमार्गयात्रा’ ॲपवर चालू करता येतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या अखत्यारीत आहेत, तेथे नेहमीचा टोल फास्टॅगच्या शिल्लक रकमेतून कापला जातो. म्हणून पास असला तरी खात्यात शिल्लक ठेवावी लागते.

रिचार्ज रांगेत उभे राहून करू नये, आदल्या रात्री करावा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर वैध फास्टॅग नसलेल्या गाडीला रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल असा नियम लागू झाला. मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत यूपीआयचा पिन टाकण्याचा अनुभव कोणालाही आवडणारा नाही.

१६. ई-चलनाचा संदेश आला आहे, सोबत एक फाइल आहे. उघडू का?

उघडू नये. ‘आरटीओ चलन’ किंवा ‘एम-परिवहन’ अशा नावाची, शेवटी एपीके असलेली (म्हणजे उघडताच फोनवर ॲप बसवणारी) फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून फोनमधील ओटीपी आणि बँकेची माहिती चोरण्याचा प्रकार देशभर चालू आहे. सरकारी चलन एपीके स्वरूपात येत नाही. चलन खरे आहे का, हे संदेशातील दुव्यावरून न पाहता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहनच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक स्वतः टाकून पाहावे. अशा पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते. फाइल चुकून उघडली असेल तर लगेच विमान मोड चालू करावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

१७. अपघात झाला तर फोन स्वतःहून मदत बोलावू शकतो का?

काही फोन बोलावू शकतात. आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनांत तीव्र धडक ओळखण्याची सोय आहे. फोन आधी मोठ्याने इशारा देतो आणि प्रतिसाद मिळाला नाही तर आपत्कालीन क्रमांक लावतो. गूगलच्या पिक्सेल फोनांतही असे सेटिंग आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनांत पॉवरचे बटण सलग पाच वेळा दाबल्यास आपत्कालीन कॉल जातो. तो कोणत्या क्रमांकावर जातो आणि घरच्यांना संदेश जातो का, हे सेटिंगमध्ये आजच पाहून ठेवावे.

क्रमांक पाठ असावेत: सर्व आपत्तींसाठी ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. कुलूपबंद पडद्यावरूनही दिसेल अशी रक्तगट आणि नातेवाइकांची माहिती भरून ठेवता येते. ती मदतीला आलेल्या माणसाच्या फार उपयोगी पडते. अशा मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४अ आणले आहे.

१८. घरच्यांना ‘कुठपर्यंत आलास’ हे सारखे सांगावे लागते. काही उपाय?

निघताना व्हॉट्सॲपवर थेट स्थान पाठवावे. ते १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येते. गूगल मॅप्समध्ये चालू प्रवासाची प्रगती पाठवल्यास पोचण्याची अंदाजे वेळही दिसते आणि मुक्काम आला की ते आपोआप थांबते. घाटात रेंज गेल्यावर ठिपका गोठतो, हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर काळजीपोटी त्यांचेच दहा कॉल येतात.

१९. जुन्या फोनवर डॅशकॅमचे (समोरचा रस्ता सतत चित्रित करणारे) ॲप टाकले तर चालेल का?

थोड्या काळासाठी चालते, कायमस्वरूपी नाही. सतत चित्रीकरण, चार्जिंग आणि काचेतून येणारे ऊन यांनी फोन तापतो आणि ॲप बंद पडते. ॲपल आपल्या फोनसाठी वापराचे तापमान ३५ अंश आणि बंद स्थितीत ठेवण्याचे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत सांगते; नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा आतला भाग त्याच्या कितीतरी पुढे जातो. पुरावा हवा असेल तर वेगळा डॅशकॅम घ्यावा. नकाशाचा फोनही उन्हात तापून मंद होतो. त्यासाठी हवेच्या जाळीवरचा स्टँड उपयोगी पडतो आणि गाडी सोडताना फोन सोबत न्यावा.

२०. विजेच्या गाडीसाठी चार्जर शोधणाऱ्या ॲपवर कितपत भरवसा ठेवावा?

ठिकाणापुरता. चार्जर चालू आहे का, यासाठी प्लगशेअरसारख्या ॲपवरील चालकांच्या ताज्या नोंदी पाहाव्यात आणि शक्य असल्यास केंद्रावर फोन करावा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार्जरना त्यांचीच ॲप आणि आगाऊ भरलेले पैसे लागतात. ती खाती घरीच उघडून ठेवावीत, कारण ओटीपीसाठी रेंज शोधत फिरणे चार्जिंगपेक्षा जास्त वेळ खाते. पहिला चार्जर बंद निघाला तर दुसऱ्यापर्यंत पोचता येईल एवढी बॅटरी शिल्लक ठेवूनच थांबा ठरवावा.

२१. दुचाकीवर नकाशा कसा वापरावा?

सर्वप्रथम ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडावा. गूगलने तो डिसेंबर २०१७ मध्ये भारतातच प्रथम आणला. हा पर्याय न निवडल्यास ॲप चारचाकीचा मार्ग आखते आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू किंवा मुंबईचा किनारी रस्ता अशा दुचाकीला मनाई असलेल्या रस्त्यांच्या तोंडाशी आणून सोडते.

हँडलवर फोन लावून पडद्याकडे पाहत जाण्यापेक्षा हेल्मेटमधील ब्लूटूथवर, बाहेरचे हॉर्न ऐकू येतील एवढ्या आवाजात सूचना ऐकाव्यात. शक्तिशाली इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता, त्यामुळे महागडा फोन हँडलवर लावायचाच असेल तर कंपने शोषणारा स्टँड घ्यावा.

२२. मी ॲपवर टॅक्सी चालवतो. भाडे स्वीकारायला पडद्यावर दाबावेच लागते. मग?

प्रश्न रास्त आहे, कारण काही सेकंदांत दाबले नाही तर भाडे दुसऱ्याकडे जाते. नियमातील सवलत (प्रश्न १) मार्ग पाहण्यापुरती आहे, भाडे स्वीकारण्यासाठी नाही. चालकाने करण्याजोगा उपाय एवढाच की एक भाडे सोडल्यावर लगेच रस्त्यावर न निघता सुरक्षित जागी थांबून पुढचे घ्यावे, आणि चालू भाड्यात पुढच्या भाड्याचा प्रस्ताव देणारे सेटिंग बंद करता येत असेल तर करावे. खरा उपाय ॲप तयार करणाऱ्यांच्या हाती आहे: गाडी धावत असताना विनंती आवाजाने सांगणे आणि आवाजानेच स्वीकारू देणे.

२३. परदेशात मुलाकडे गेल्यावर तेथे गाडी चालवणार आहे. हेच नियम लागू होतात का?

नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते अधिक कडक आहेत. ब्रिटनमध्ये हातात फोन धरल्यास २०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ दंडगुण लागतात. सिग्नलला थांबले असतानाही फोन हाती घेता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत ८०० दिर्‍हम दंड आणि ४ काळे गुण आहेत. जर्मनीत प्रश्न १३ मधील कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारे ॲप चालकाने गाडी चालवताना वापरणे हाच गुन्हा आहे, त्यासाठी ७५ युरो दंड आणि एक दंडगुण लागतो. म्हणून भारतात चालू ठेवलेली कॅमेऱ्याची सूचना तेथे विमानतळावरून गाडी घेण्यापूर्वीच बंद करावी. भाड्याच्या गाडीला जोडलेला फोन परत करताना गाडीच्या पडद्यावरील आपली नोंद, कॉलची यादी आणि घराचा पत्ता पुसून टाकावा.